डब्यामागचं लेबल

जुना मॉनिटर टाकायला एका शनिवारी इथल्या रीसायकलिंग सेंटरवर गेले होते. लिमरिकचा पाऊस नेहमीसारखाच, पडतोय की नुसता हवेत लटकलाय ते न कळणारा. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या लोखंडी पिंजऱ्यात कुणीतरी आधीच एक संगणक टाकून गेलं होतं. पिवळट पडलेला, फ्लॉपीची खाच असलेला, माझ्याकडे पाठ करून आडवा झालेला. पाठीवर बारकोडचं स्टिकर आणि त्याखाली तीन शब्द : मेड इन आयर्लंड.

मला इथे आयर्लंडला येऊन सात वर्षं झाली. लोण्यावर, लोकरीच्या स्वेटरवर, बिअरच्या बाटलीवर हे शब्द रोज दिसतात. संगणकावर कधी वाचले नव्हते. फोटो काढला आणि भोसरीला बाबांना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं : "जुळवला असेल. बनवला नसेल."

बाबांनी चाळीस वर्षं लेथ चालवलं. मोठ्या मोटार कंपन्यांना शाफ्ट पुरवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. 'बनवणं' हा शब्द ते जपून वापरतात. ज्यात लोखंडाचा कीस पायाशी पडतो ते बनवणं. बाकी सगळी असेंब्ली, आणि असेंब्ली म्हणजे त्यांच्या मते नटबोल्ट. आपल्या भाषेलाही हा भेद कळतोच. कुंभार घडवतो, सुतार तासतो, शिंपी शिवतो, गवंडी बांधतो. बाहेरून आलेले भाग एका डब्यात बसवणाऱ्या माणसासाठी मात्र 'जुळवतो' यापलीकडे क्रियापद नाही, आणि लग्नं जुळवणाऱ्याला असतो तेवढाही मान त्याला नाही.

त्या तीन शब्दांनी डोक्यात घर केलं आणि पुढचे काही आठवडे मी सापडेल ते वाचत गेले, भेटेल त्याला विचारत गेले.

बाबांनी घेतलेली शंका इथल्या लोकांनीही घेतली होती, आणि चांगली खणखणीत. १९८२ साली टेलेसिस नावाच्या सल्लागार संस्थेने आयरिश सरकारला एक अहवाल दिला. त्याचा आशय असा, की परदेशी कंपन्यांचे कारखाने इथे आहेत खरे, पण संशोधन, विक्री आणि निर्णय सगळे बाहेर. स्थानिक उद्योगांशी त्यांचं नातं पातळ. अशा कारखान्यांना तेव्हा सर्रास 'स्क्रू ड्रायव्हर प्लांट' म्हणत. म्हणजे पेचकस फिरवायचा, पेटी बंद करायची, ट्रकवर चढवायची.

पण पेचकस फिरवायलाही माणूस देशात राहिलेला लागतो. १९५०च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख लोक बाहेर गेले आणि १९६१ साली उरलेली लोकसंख्या अठ्ठावीस लाखांच्या आसपास होती. तोपर्यंतचं धोरण 'आमचं आम्ही बनवू' असं होतं. परदेशी मालकीच्या कारखान्यांना आडकाठी करणारे कायदेच होते. ते कायदे, ती जकातीची भिंत, आणि भिंतीआड खंगत गेलेला उद्योग. १९५८ मध्ये अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, आणि पुढच्या वर्षी पंतप्रधान झालेल्या शॉन लेमास यांनी दार उघडलं. निर्यातीच्या नफ्यावर करमाफी १९५६ पासून होतीच. शिवाय १९४९ साली स्थापन झालेली आयडीए ही सरकारी संस्था होती. बाबांना मी तिची ओळख करून दिली ती अशी : आपली एमआयडीसी, पण हातात बॅग घेऊन अमेरिकेत दारोदार फिरणारी.

शॅनन विमानतळाची गोष्ट मला या सगळ्यात फार आवडते. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तासही लागत नाही. अटलांटिक ओलांडणारी विमानं पूर्वी तेल भरायला इथे उतरायची. मग लांब पल्ल्याची जेट विमानं आली आणि ती वरूनच निघून जाणार हे दिसायला लागलं. ब्रेंडन ओ'रीगन या माणसाने १९४७ मध्ये तिथे जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान काढलं होतं. त्याने आता विमानतळाला खेटूनच जकातमुक्त औद्योगिक क्षेत्र उभं केलं, १९५९ साली. प्रवासी थांबत नाहीत तर कारखाने थांबवू, असा सरळ हिशेब. १९८० मध्ये चीनचं एक शिष्टमंडळ हे बघायला आलं. त्यात पुढे चीनचे अध्यक्ष झालेले जियांग झेमिन होते. अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्राची जातकुळी हीच. लहानपणी बसच्या पाटीवर 'सीप्झ' वाचायचे तेव्हा मला ते एखाद्या साबणाचं नाव वाटायचं.

संगणक आले ते गॉलवेत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९७१ साली तिथे कारखाना काढला, युरोपातला तिचा पहिला. तिथे मिनी संगणक तयार व्हायचे. मिनी म्हणजे आपल्या घरातल्या कपाटाएवढे. त्याआधीचे खोलीएवढे असायचे म्हणून हे मिनी. दोन वर्षांनी, १ जानेवारी १९७३ला, आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेलं. मग तर अमेरिकन कंपनीच्या दृष्टीने हे बेट म्हणजे युरोपच्या जकातीच्या भिंतीच्या आत उघडणारी खिडकी झाली. इंग्रजी बोलणारी माणसं आतच उभी.

ही माणसं कोण होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं होतं. तंत्रशिक्षणाची प्रादेशिक महाविद्यालयं नुकतीच निघाली होती. लिमरिकमध्ये १९७२ साली जी उच्चशिक्षण संस्था सुरू झाली तिचंच आज विद्यापीठ झालंय. शिवाय बायका. १९७३ पर्यंत इथल्या सरकारी नोकरीत असा नियम होता की बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची. ऐकून मी दोनदा विचारलं, खरंच? खरंच. इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर मात्र बायका मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या. त्यातला कंपन्यांचा हिशेब स्वस्त आणि निमूट मजुरीचा होता, हे मी नाकारत नाही. पण स्वतःच्या नावाचं पगाराचं पाकीट ज्या घरात पहिल्यांदा आलं, त्या घरात हा हिशेब वेगळा वाचला गेला असणार.

कॉर्कची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कारण तिथे ॲपल आहे. १९८० साली शहराच्या उत्तरेला, हॉलीहिलच्या टेकडीवर, साठेक माणसांनिशी ॲपलचा कारखाना सुरू झाला. स्टीव्ह जॉब्स स्वतः येऊन गेला. तिथे ॲपल टू हे संगणक तयार व्हायचे. पण ते काय चाललं असताना आले ते बघा. कॉर्कमध्ये फोर्डचा कारखाना १९१७ पासून उभा होता. हेन्री फोर्डचा बाप याच परगण्यातून अमेरिकेला गेलेला. डनलॉपचे टायरही इथेच. १९८३ मध्ये डनलॉप बंद झालं, १९८४ मध्ये फोर्ड, त्याच वर्षी जहाजबांधणीची गोदीही. मोटार, टायर, जहाज. बाबांच्या व्याख्येत चपखल बसणारं, कीस पाडणारं सगळं गेलं आणि टेकडीवरचा डबे जुळवणारा कारखाना राहिला. आज तिथे हजारोंनी माणसं काम करतात, बहुतेक जण संगणक जुळवायला हातही न लावता.

कॉर्कमध्ये गेले की मी विद्यापीठाच्या दगडी चौकात एक चक्कर मारते. जॉर्ज बूल इथे गणिताचा पहिला प्राध्यापक होता, १८४९ पासून. इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या चांभाराचा मुलगा. खरं-खोटं, आणि, किंवा, नाही, एवढ्या शब्दांचं त्याने बीजगणित केलं आणि आज प्रत्येक चिप त्याच्यावर चालते. त्याची बायको मेरी ही आपल्याकडचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. १८६४च्या हिवाळ्यात बूल तीनेक मैल पावसात चालत कॉलेजात आला, ओल्या कपड्यांनिशी शिकवत राहिला, न्यूमोनिया झाला आणि ४९व्या वर्षी गेला. या देशाचा पाऊस मी गंमतीने घेत नाही तो तेव्हापासून. आणखी एक होता, पर्सी लडगेट. जन्म कॉर्क परगण्यातल्या स्किबरीनचा, नोकरी डब्लिनमध्ये हिशेबनीसाची. रात्री जागून त्याने आपोआप गणित करणाऱ्या यंत्राचा आराखडा केला आणि १९०९ साली छापला. यंत्र कधी झालंच नाही. तो ३९व्या वर्षी न्यूमोनियाने गेला आणि त्याची रेखाचित्रंही हरवली. यांना बाबांचं कुठलं क्रियापद लावायचं?

ॲपलच्या कराचा मामला मात्र मी थोडक्यातच सांगते, त्यावर इथे इतकं बोलून झालंय. युरोपीय आयोगाने २०१६ साली सांगितलं की आयर्लंडने ॲपलला बेकायदा करसवलत दिली, १३ अब्ज युरो वसूल करा. आणि आयरिश सरकार कोर्टात गेलं ते 'आम्हाला हे पैसे नकोत' म्हणून! २०१८ मध्ये व्याजासकट १४.३ अब्ज युरो एका वेगळ्या खात्यात जमा झाले तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. गावाकडे कुणाला मी आयर्लंडला असते म्हटलं की पहिलं हेच नाव निघतं. सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा निकाल लागला आणि पैसे घ्यावेच लागले. बाबांचं म्हणणं, "जावयाने हुंडा परत केला आणि सासरा घेईना, असं झालं हे."

ऐंशीच्या दशकात दर सहा कामकरी माणसांत एक बेकार होता. त्याच काळात आयडीएने तरुण पदवीधरांचे फोटो लावून मोठमोठ्या जाहिराती केल्या : आम्ही तरुण युरोपियन, आमच्याकडे या. जाहिराती विमानतळावर, आणि तिकीट काढून बाहेर जाणारे तरुण त्यांच्याच समोरून. हे वाचताना पुण्याच्या विमानतळावरच्या आयटी पार्कच्या जाहिराती आठवल्या. त्यांच्याखाली बॅग घेऊन मीही उभी होते.

आणि याच बाहेर गेलेल्यांनी इंटेल आणलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. इंटेलला शंका होती की चिप बनवण्याचा अनुभव असलेले इंजिनियर या देशात आहेतच कुठे. आयडीएने अमेरिकेतले असे तीनशेहून जास्त आयरिश इंजिनियर शोधले आणि विचारलं, घराजवळ चांगलं काम मिळालं तर परत याल? बहुतेक जण हो म्हणाले. १९८९ मध्ये इंटेलने डब्लिनजवळचं लीक्सलिप निवडलं. जागा घोड्यांच्या पैदाशीची, शेजारी राय नदी. असा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही. विचारला असता तर मी काय म्हटलं असतं, ते वेगळं.

लीक्सलिपबद्दल सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदा गप्प झाले. कारण तिथे जुळवत नाहीत, बनवतात. बाबांच्या मायक्रोमीटरवरची सर्वांत बारीक रेघ एक शतांश मिलिमीटरची, म्हणजे दहा हजार नॅनोमीटर. लीक्सलिपला २०२३ मध्ये सुरू झालेल्या फॅब ३४ या चिपच्या कारखान्यात ज्या प्रकाशाने चिपवर आखणी करतात त्याची तरंगलांबी साडेतेरा नॅनोमीटर आहे. या आवारात आणखी १७ अब्ज युरो ओतून इंटेलने हे उभं केलं. बाबांनी विचारलं, "मशीन कुणाचं?" म्हटलं, डच कंपनीचं. "मग तिथेही मशीन आणून बसवलंच की." आणि जरा थांबून, "अर्थात, माझं लेथ तरी मी कुठे बनवलं होतं. किर्लोस्करांचं होतं."

आता लिमरिक. इथे संगणकाचे कारखाने एकामागून एक आले आणि गेले. वांग आली, गेली. एएसटी आली, तीही गेली. तिकडे डब्लिनला गेटवेने १९९३ मध्ये गायीच्या ठिपक्यांच्या खोक्यांत संगणक भरायला सुरुवात केली. गायींच्या देशात ते शोभलंही असेल, पण २००१ मध्ये सुमारे नऊशे नोकऱ्यांसह ती खोकी संपली. टिकली ती डेल. रहीन भागातला तिचा कारखाना नव्वदच्या सुरुवातीपासून युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिकेला संगणक पुरवत होता. गिऱ्हाईकाची ऑर्डर आल्याशिवाय मशीन जुळवायचं नाही, ही तिची पद्धत. गोदामात माल पडून राहत नाही, पण त्यासाठी सुट्या भागांचे पुरवठादार हाताच्या अंतरावर लागतात. त्यामुळे एका कारखान्याभोवती खोकी करणारे, केबल बांधणारे, ट्रक चालवणारे, कँटीनवाले, असं अख्खं गाव उभं राहिलं. पिंपरी-चिंचवडला वाढलेल्या मुलीला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या कंपनीने शिंक दिली की भोसरीत किती घरांत सर्दी होते, ते मी पाहिलंय.

८ जानेवारी २००९. डेलने सांगितलं की लिमरिकमधलं उत्पादन पोलंडमधल्या वूच शहरात जाणार, १९०० नोकऱ्या कमी होणार. तो दिवस इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवतो. आदल्या चार-पाच वर्षांत पोलंडहून कितीतरी माणसं कामासाठी लिमरिकला आली होती, आणि आता काम उलट्या दिशेने पोलंडला निघालं. वूचच्या कारखान्याला पोलंड सरकारने ५.४५ कोटी युरोंचं अनुदान द्यायला युरोपीय आयोगाने मान्यता दिली. त्याच वर्षी त्याच युरोपने लिमरिकच्या बेकार झालेल्यांच्या प्रशिक्षणासाठी सुमारे १.४८ कोटी युरो मंजूर केले. एका हाताने ढकलायचं, दुसऱ्या हाताने सावरायचं. आणि वर्ष संपता संपता डेलने वूचचा तो कारखाना तैवानच्या फॉक्सकॉनला विकायचं ठरवलं. म्हणजे ज्यांनी मिळवलं त्यांच्याकडेही तो डेलचा म्हणून राहिला नाही.

गॉलवेची पाळी त्याआधीच येऊन गेली होती. १९९३ मध्ये डिजिटलने तिथलं हार्डवेअरचं उत्पादन स्कॉटलंडमधल्या एअरला नेलं आणि सुमारे ७८० लोकांचं काम गेलं. शहर बसलं असं वाटलं होतं. पण पुढच्याच वर्षी बोस्टन सायंटिफिक ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी तिथे आली. आज हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायचे स्टेंट बनवण्यात गॉलवेचं नाव जगात आहे.

मी स्वतः अशाच एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघते. तिथे माझ्यासोबत साठीला टेकलेली एक बाई आहे. लिमरिकमध्ये एकामागून एक तीन संगणक कारखान्यांत तिने काम केलंय, तिन्ही बंद झाले. लेबलचा फोटो मी तिला दाखवला. तिने चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि बाबांच्या बरोब्बर उलट बोलली. म्हणाली, "आम्हीच बनवलं असेल हे." मी जरा हटूनच विचारलं, म्हणजे जुळवलं ना? तिला प्रश्नच कळला नाही. इंग्रजीत तो नीट विचारताही येत नाही.

मग ती सांगत बसली. डब्यात बोर्ड बसवताना स्क्रू किती आवळायचा हे यंत्रावर ठरवून दिलेलं असायचं, पण तो तिरका गेला तर बोटाला आधी कळायचं. रिबन केबलला लाल कड एका बाजूलाच असते, ती उलटी लागली तर मशीन चालूच होत नाही, आणि रात्रपाळीला पहाटे चार वाजता ती उलटीच लागते. सगळ्यात आधी मनगटाला पट्टा. अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायला तो वायरीने टेबलाला जोडलेला असतो. ठिणगीचा चटका आपल्याला जाणवायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. काही चिपा शंभराच्या आतही मरतात, आणि मेल्याचं लगेच कळतही नाही. मशीन निघून जातं, आणि सहा महिन्यांनी कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी ऑफिसात बंद पडतं. "म्हणून पट्टा," ती म्हणाली. "आपण न पाहिलेल्या माणसासाठी." इथल्या दमट हवेत स्थिर वीज तशीही कमी साठते, असं मी म्हटल्यावर तिने खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि म्हणाली, चला, कशाला तरी उपयोग झाला याचा.

हे सगळं मी रविवारी बाबांना सांगितलं. त्यांना स्क्रूची गोष्ट आवडली. तिरका गेलेला आटा बोटाला कळतो, ते बरोबर आहे म्हणाले. मग विचारलं, "पगार किती होता त्या बाईला?" मी विचारलं नव्हतं.

सोमवारी आम्ही दोघी तपासणीच्या टेबलाशी होतो. आमच्या खोलीत पट्टा लागत नाही. आम्ही हाताळतो त्या नळ्या निव्वळ प्लास्टिकच्या, त्यात वीज मारेल असं काही नाही. ट्रे उचलण्याआधी तिने डाव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या स्टीलच्या कडेला टेकवली, क्षणभर ठेवली, आणि मग नळी उचलली. पुढच्या ट्रेला पुन्हा तसंच. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि आपण असं करतोय हेही नसावं.